निळ्या पाठीची पाहुणी

सप्टेंबर सरत आला की स्कॉटलंडच्या या पूर्व किनाऱ्यावर एखाद्या सकाळी वारा अचानक कूस बदलतो. आदल्या दिवसापर्यंत बागेत कपडे वाळत घालणारे शेजारी गाडीच्या काचेवरचं मीठ पुसताना दिसतात. रात्रीच्या वादळाने तळातून उपटून आणलेल्या समुद्री शेवाळाचे ढीग किनाऱ्यावर पडतात आणि त्यांचा वास गल्लीगल्लीतून फिरायला लागतो. ओल्या दोराचा, मिठाचा, किंचित कुजक्या पाल्याचा. काल सकाळी ओवीला शाळेत सोडायला दार उघडलं आणि तो वास आत आला. ओवीने नाक दाबलं आणि म्हणाली, "आई, समुद्र खराब झाली." तिच्या मराठीत समुद्र बाई आहे. मी ते दुरुस्त करत नाही. गेल्या काही वर्षांत मलाही ते पटायला लागलंय.

तिला गेटपाशी सोडून मी गाडी किनाऱ्याकडे वळवली. ओहोटी होती. दूरच्या वाळूच्या पट्ट्यावर करडे सील पहुडले होते आणि त्यांचं ते घशातून येणारं, कुणीतरी लांब पाइपातून हुंदका द्यावा तसं गाणं वाऱ्याबरोबर येत होतं. हा वास आणि हा आवाज एकत्र आले की मी आपोआप त्या एका शरद ऋतूत जाऊन पोचते. ओवी तेव्हा आठ महिन्यांची होती, आई नागपूरहून आली होती, आणि बर्फाच्या प्रदेशातून वाट चुकून एक पाहुणी आमच्याकडे येऊन पोचली होती.

मी सीलवर संशोधन करते असं सांगितलं की नागपूरचे नातेवाईक अजूनही विचारतात, सील म्हणजे ते लाखेचं का? मग मी फोनवर फोटो दाखवते आणि काकू म्हणतात, अगं हे तर कुत्र्यासारखं दिसतं. मी ज्या सीलवर काम करते ते इथले नव्हेत, आर्क्टिकच्या तरंगत्या बर्फावर जन्मणारे. पण खरं सांगायचं तर माझा संबंध येतो तो त्यांच्या दातांशी आणि मिशांशी. ग्रीनलंडमधले शिकारी पोटासाठी सील मारतात, त्यातल्या काहींचे दात आणि मिशा पाकिटांत घालून आमच्या प्रयोगशाळेत येतात. दात कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की झाडाच्या बुंध्यासारखी वलयं दिसतात. मिशीचे बारीक तुकडे तपासले की त्या जिवाने कुठल्या काळात काय खाल्लं, कधी उपाशी राहिला, ते हळूहळू उलगडतं. अनेक वर्षं मी अशा प्राण्यांची चरित्रं वाचत होते ज्यांना मी कधीच पाहिलं नव्हतं. ज्या मार्चमध्ये जहाजाबरोबर बर्फावर जायची माझी पाळी आली, त्या मार्चमध्ये मी ओवीला कुशीत घेऊन खिडकीतून गारा पाहत होते. माझ्या जागी दुसरं कुणीतरी गेलं. मला त्याचं वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचंही वाईट वाटलं.

एप्रिलअखेर आई आली. सहा महिन्यांचा व्हिसा होता. समीर, माझा नवरा, तेव्हा मँचेस्टरला एका आयटी फर्ममध्ये होता. सोमवारी पहाटे ट्रेन पकडून जायचा आणि गुरुवारी संध्याकाळी परत यायचा. त्यामुळे आठवड्यातले बरेच दिवस घरात आम्ही तिघीच असायचो. समुद्रावरून आत सरकणाऱ्या दाट धुक्याला इथले लोक 'हार' म्हणतात. आईला हे कळलं तेव्हा ती खूश झाली. रोज सकाळी चहाचा कप घेऊन खिडकीशी उभी राहायची आणि सांगायची, आज समुद्राने गावाला हार घातलाय, किंवा आज नाही घातला, काहीतरी बिनसलं असेल. पोस्टात पंचवीस-तीस वर्षं नोकरी केलेली बाई. कुणी काय पाठवलं, कुणाला काय मिळालं नाही, याच्यातच आयुष्य गेलेलं. तिला या रिकाम्या, राखाडी किनाऱ्याचं इतकं कौतुक वाटेल असं मला वाटलं नव्हतं.

मॅटर्निटी लीव्ह संपून मी कामावर परतले तेव्हा असाच वारा सुटला होता. प्रयोगशाळेत सगळं जिथल्या तिथे होतं, फक्त मी जिथल्या तिथे नव्हते. एखाद्या दाताची वलयं मोजताना मध्येच छातीत दूध दाटून यायचं आणि मोजणी चुकायची. स्टोअररूमच्या कोपऱ्यात बसून पंपाने दूध काढताना समोरच्या फडताळावर मिशांची पाकिटं दिसायची. घरी गेले की ओवी आईच्या कडेवरून माझ्याकडे झेप घ्यायची आणि मला बरं वाटायचं. सकाळी निघताना ती रडायची, तेव्हाही कुठेतरी बरंच वाटायचं. काळजी पुढची होती. ऑक्टोबरअखेर आई जाणार होती आणि ओवी नर्सरीत. बर्फावरची पुढची मोहीम येणाऱ्या वसंतात होती. यादीत माझं नाव लिहायचं की नाही, ते मी टाळत होते.

अशात एका शनिवारी फियोनाचा फोन आला. फियोना जनावरांची डॉक्टर. किनाऱ्याच्या दक्षिणेला, मासेमारीच्या एका छोट्या गावात ती आजारी आणि जखमी सीलसाठी केंद्र चालवते. ती म्हणाली की कुत्रा फिरवणाऱ्या एका बाईला वाळूवर एक पिल्लू सापडलंय, ते आपण केंद्रात आणलंय, पण ते नेहमीच्या सीलसारखं दिसत नाही. तिने फोटो पाठवला. गडद चेहरा, रुंद नाक, चंदेरी पोट, आणि पाठ अशी की जणू शाळेतली पाटी ओल्या फडक्याने पुसून उन्हात धरलीय. राखाडीत मुरलेला निळा. मी फोन टेबलावर ठेवला, पुन्हा उचलला. ते हूडेड सीलचं पिल्लू होतं. मी जिच्या दातांत आणि मिशांत बुडालेली होते तीच जात. इथून कित्येक दिवसांच्या अंतरावर, ग्रीनलंडजवळच्या समुद्रात, बर्फावर जन्मलेली.

"मी पण येते," आई म्हणाली. "तू रोज ज्याच्यापायी घराबाहेर जातेस, ते पाहू तरी दे."

केंद्राच्या मागच्या बाजूला, बाकीच्या सीलपासून दूर, काँक्रीटची एक छोटी खोली होती. दाराशी जंतुनाशकाच्या पाण्यात बूट बुडवून आत जायचं. ओवीला आत नेता येणार नव्हतं, म्हणून आई तिला घेऊन दाराच्या काचेबाहेर उभी राहिली. पिल्लू कोपऱ्यात, भिंतीला तोंड करून पडलं होतं. मादी होती. बरगड्यांचा अंदाज यावा इतकी वाळलेली, आणि प्रत्येक श्वासाबरोबर छातीत घरघर. माझ्या पावलांचा आवाज ऐकून तिने मान वळवली, तोंड उघडलं आणि सापासारखा फुत्कार टाकला. उठायची ताकद नव्हती. पण डोळे असे काळेभोर, असे पूर्ण जागे, की मी दोन पावलं मागे सरकले. त्यात विनवणी नव्हती. मी तुमची नाही, एवढंच त्यांत लिहिलेलं होतं.

त्या वर्षी केंद्रात आलेल्या सीलना भाज्यांची नावं द्यायची असं ठरलं होतं. लीक होता, टर्निप होता. हिच्या वाट्याला पार्सनिप आलं. आईने विचारलं, पार्सनिप म्हणजे काय? मी सांगितलं, पांढरं गाजर. तेव्हापासून आमच्या घरात तिचं नाव गाजरी पडलं.

त्या रात्री आई पोळ्या लाटत होती आणि मी ओवीला मांडीवर घेऊन ओट्याशी बसले होते. आईने विचारलं की एवढंसं पिल्लू आईला सोडून इतक्या लांब आलंच कसं? मी तिला सांगितलं की या जातीत आई पिल्लाला फक्त चार दिवस पाजते. सगळ्या सस्तन प्राण्यांमध्ये हे सगळ्यात थोडं. दूध लोण्यासारखं घट्ट असतं, चार दिवसांत पिल्लाचं वजन जवळपास दुप्पट होतं, आणि मग आई बर्फावरून पाण्यात उतरते आणि निघून जाते. परत येत नाही. पिल्लू काही आठवडे अंगातल्या चरबीवर राहतं. पोहायला, बुडी मारायला, मासा पकडायला ते एकटंच शिकतं. कुणी दाखवत नाही.

आईचं लाटणं थांबलं. "चारच दिवस?"

"बर्फ केव्हा फुटेल याचा भरवसा नसतो. म्हणून घाई. जे द्यायचं ते सगळं लवकर देऊन टाकायचं."

तिने पोळी तव्यावर टाकली, उलटली, फुगू दिली. मग माझ्याकडे न बघता बोलायला लागली. मला आजवर इतकंच ठाऊक होतं की मी लहान असताना तिची बदली गडचिरोलीला झाली होती आणि मी नागपूरला मोठ्या काकूंकडे राहत होते. आमच्या घरात ही गोष्ट एका वाक्यात सांगितली जायची आणि पुढे कुणी काही बोलायचं नाही. आई म्हणाली की मी तेव्हा पाच महिन्यांची होते. एसटीत बसल्यावर दुधाने ब्लाउज भिजायचा आणि ती पदर घट्ट ओढून खिडकीबाहेर बघत बसायची. नोकरी सोडली असती तर पुन्हा मिळाली नसती, आणि बाबांचा कारखाना त्याच वर्षी बंद पडला होता.

"पहिल्या रविवारी आले," ती म्हणाली, "तर तू मला ओळखलंच नाही. मी हात पुढे केले अन् तू काकूंच्या खांद्याला चिकटून बसली."

मी विचारलं, "मग?"

"मग काय. पुढच्या रविवारी परत आले."

एवढंच. तिने पोळीला तूप लावलं, डब्यात ठेवली, पुढची लाटायला घेतली. मला तिच्यात कधी न दिसलेलं काहीतरी त्या क्षणी दिसलं. इतकी वर्षं मी तिला प्रेमळ समजत होते, आणि ती होतीच. पण ती किती ताकदीची होती हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. ओळख न देणाऱ्या लेकराकडे दर रविवारी परत जायचं, एसटीचे धक्के खात, आणि या गोष्टीचं कधी भांडवल करायचं नाही.

त्यानंतरचे आठवडे गाजरीचे होते. न्यूमोनिया होता, औषधं चालू झाली. माशांची पातळ पेज नळीने पोटात घालायची. त्यासाठी एकीने तिला गुडघ्यांमध्ये दाबून धरायचं. मी शक्य तितक्या संध्याकाळी जायचे. अंगाला हेरिंगचा वास लागायचा, तो आंघोळ करूनही केसांतून जात नसे, आणि ओवी माझे केस मुठीत धरून मोठ्या आवडीने चाटायची. प्रत्येक वेळी पकडलं की गाजरी दिवसभर मलूल व्हायची. बाकीचे करडे सील तलावात एकमेकांच्या अंगावर लोळायचे, माणसं दिसली की आशेने पुढे यायचे. हिला कुणीच नको होतं. या जातीचे सील मोठे झाल्यावरही एकटेच असतात. वर्षातले बहुतेक महिने खुल्या समुद्रात, खोल बुड्या मारत, कुणाच्याही सोबतीशिवाय.

फियोनाने हे फार लवकर ओळखलं. तिने उपचारापलीकडे तिला हात लावणं बंद केलं. कुणी तिच्याकडे टक लावून बघायचं नाही, बोलायचं नाही, असा नियम केला. रोज संध्याकाळी ती तिच्या खोलीत उपड्या बादलीवर बसायची, गाजरीकडे पाठ करून. शेजारच्या उथळ टाकीत दोन-तीन हेरिंग सोडायची आणि भिंतीकडे बघत बसून राहायची. ना फोन, ना पुस्तक. आम्ही काचेबाहेरून बघायचो. मासे तसेच राहायचे. ती उठायची, मासे काढायची, बादली धुऊन ठेवायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा. जनावरांवर प्रेम करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. जनावराला आपलं प्रेम नको आहे हे कळूनही तितक्याच निष्ठेने रोज पाठ फिरवून बसणारं माणूस मी एकच पाहिलं.

एका संध्याकाळी मी काचेशी उभी होते. आत फियोना नेहमीसारखी भिंतीकडे तोंड करून बसली होती. गाजरी सरकत सरकत टाकीच्या कडेशी आली, मान आत घातली, पाणी जरा हललं. मग गिळल्याचा एक ओला, भसाडा आवाज. थोड्या वेळाने दुसरा. फियोना वळली नाही. तिने फक्त पाठीमागे हात नेला आणि मला दिसेल असा अंगठा वर केला. तिच्या खांद्यांवरून मला कळलं की ती रडतेय.

पुढे वजन भराभर वाढलं. घरघर गेली. पाठीवरचा निळा रंग दिवसागणिक तेजस्वी होत गेला. आता तिला उत्तरेला नेऊन सोडायचं ठरलं, वादळांचा हंगाम तापायच्या आत.

आणि तेव्हाच आमच्या विभागप्रमुखांनी मला बोलावलं. आमच्याकडे एक ट्रान्समीटर शिल्लक होता. सीलच्या केसांवर गोंदाने चिकटवायचा, म्हणजे ती पाण्यावर आली की उपग्रहाला तिचा ठावठिकाणा कळतो. ती कुठे गेली, किती खोल उतरली, बर्फापर्यंत पोचली का, सगळं घरबसल्या नकाशावर. या वयाच्या पिल्लांबद्दल आपल्याला फार थोडं ठाऊक आहे. माझ्यासाठी तर ती मोहीमच होती, चालून दारात आलेली. विभागप्रमुख म्हणाले की निर्णय तुझा, ही जात तुझ्याइतकी इथे कुणाला माहीत नाही.

मी फियोनाला विचारलं. ती म्हणाली, गोंद वाळेपर्यंत तिला दाबून धरावं लागेल. बहुधा ती सहन करेल. मी त्या 'बहुधा'वर बरेच दिवस अडकून राहिले. प्रयोगशाळेत सगळे म्हणत होते की अशी संधी पुन्हा यायची नाही, आणि ते खरं होतं. पण मी तिला प्रत्येक वेळी पकडल्यानंतर पाहिलं होतं. तिचं खाणं कसं थांबतं, डोळे कसे भिंतीला लागतात. समुद्रात उतरताना तिला अंगातली सगळी ताकद हवी होती. शेवटी मी विभागप्रमुखांना सांगितलं की ट्रान्समीटर लावायचा नाही. त्यांनी ट्रान्समीटर पुन्हा कपाटात ठेवला. बाहेर येऊन मी पार्किंगमध्ये थोडा वेळ उभी राहिले. हरल्यासारखं वाटेल अशी माझी अपेक्षा होती. वाटलं नाही. त्याच आठवड्यात मी वसंतातल्या मोहिमेच्या यादीत माझं नाव लिहिलं.

त्या वसंतात मी गेले, त्यानंतरही गेले. बर्फावर, बोचऱ्या उजेडात, आईच्या पोटाशी लागलेली निळ्या पाठीची पिल्लं आता मी डोळ्यांनी पाहिली आहेत. गेल्या वर्षी ओवीच्या वर्गात मला बोलवलं होतं, तेव्हा मी गाजरीची गोष्ट सांगितली. एका मुलाने विचारलं, ती आता कुठे आहे? मी म्हटलं, मला माहीत नाही. मुलं हिरमुसली. शास्त्रज्ञ बाईंना माहीत नाही म्हणजे काय. मला मात्र ते वाक्य उच्चारताना जो आनंद होतो, तो अजून कुणाला समजावून सांगता आलेला नाही.

गाजरीला सोडायला आम्ही त्या वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी निघालो. पुढे फियोनाची व्हॅन, मागे आमची गाडी. आईचं विमान त्याच आठवड्यात होतं, बॅगा भरून तयार होत्या, तरी तिने यायचं ठरवलं होतं. समीरचा जाड कोट, डोक्याला मफलर, खाली सलवार आणि माझे वेलिंग्टन बूट अशा अवतारात ती ओवीला पोटाशी बांधून वाळूत उभी राहिली. उत्तर टोकाचा किनारा. पुढे जमीन नाहीच, नुसतं पाणी, थेट बर्फापर्यंत. वारा एवढा की बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागत होतं.

फियोनाने आणि मी पेटारा पाण्यापासून थोड्या अंतरावर ठेवला, दार उघडलं आणि बाजूला झालो. बराच वेळ काही झालं नाही. मग ते रुंद काळं नाक बाहेर आलं. तिने हवा हुंगली. पोटावर सरकत ती वाळूत उतरली आणि थांबली. मला वाटलं, आता ती वळून बघेल. माणसाला असं वाटतंच. तिने बघितलं नाही. एक लाट आली आणि तिच्या छातीपर्यंत पोचली. तिने मान खाली घातली आणि त्या पाण्याला असं तोंड लावलं, जणू चव घेऊन खात्री करतेय. पुढच्या लाटेबरोबर निळी पाठ एकदा चकाकली, आणि मग तिथे फक्त लाट होती.

मी दुर्बीण डोळ्यांना लावून उभी राहिले. दूरवर काहीतरी काळं दिसल्यासारखं वाटलं. ते पाणीच होतं. फियोना पेटारा धुवायला लागली होती. ओवी माझ्याकडे हात करत होती. मी दुर्बीण खाली घेत नव्हते.

आई माझ्या बाजूला आली. "काय पाहून राहिली अजून?" तिने कानाशी विचारलं.

मी म्हटलं, "पोहतेय का नीट ते."

"तिचं तिला येतं," ती म्हणाली. "चल आता."

तिने पोटाशी बांधलेली ओढणी सोडली, ओवीला उचलून माझ्या हातात दिलं, तिचं टोपडं कानांवर ओढून नीट केलं. आणि मोकळे झालेले हात कोटाच्या खिशांत घालून, वाऱ्याला तोंड देत, ती एकटीच पुढे गाडीकडे चालू लागली.